रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा: डॉक्टरांकडे आधी विषय काढायचा कोणी?

मेडिकलवाली
आमचं औषधाचं दुकान कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. निम्मं गिऱ्हाईक मोहल्ल्यांतलं. रमजान तोंडावर आला की काउंटरवर एकच प्रश्न सुरू होतो, "ताई, दुपारची गोळी आता कधी घेऊ?" चिठ्ठीवर १-१-१ लिहिलेलं असतं. रोज्यात तो मधला एक जाणार कुठे?

विचारतात ते तरी बरे. बाकीचे आपल्या मनाने दुपारची सोडून देतात, नाहीतर तिन्ही गोळ्या संध्याकाळी इफ्तारनंतर एकदम घेतात. मला ते उशिरा कळतं, महिन्याची औषधं नेलेला माणूस दीड महिना फिरकत नाही तेव्हा. "डॉक्टरांना विचारलंत का?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "ते रोजा धरूच नका म्हणतील." आणि डॉक्टर विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं पेशंट सांगेल.

फार्मासिस्ट म्हणून डोस बदलणं माझ्या हातात नाही, आणि नसावंच. पण माणूस समोर उभा असताना गप्प बसणंही पटत नाही. तुमच्या घरी, ओळखीत काय करतात? इथल्या डॉक्टर मंडळींनीही लिहा, कृपया.

रोखठोक
यात अवघड काय आहे? आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सूट आहे. शुगरवाल्यांनी, हार्टवाल्यांनी रोजा धरू नये. विषय संपला.

आबोली
@रोखठोक, सूट आहे हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. दुसऱ्या सूऱ्यातच, म्हणजे अध्यायातच आहे, बकरामध्ये. बरा झाल्यावर राहिलेले रोजे धरायचे, त्याला कजा म्हणतात, आणि आजार कायमचाच असेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिद्या. तरी माझी अम्मी ऐकत नव्हती. घरातली सगळी रोज्याने आहेत आणि आपण एकटीने स्वयंपाकघराचं दार लोटून चहा पितोय, हे तिला सहनच होत नाही. फिद्याचे पैसे दिले तरी महिना आपल्या हातून निसटला असं तिला वाटत राहतं.

तिची शुगरची गोळी जुनीच, वर्षानुवर्षं चालू असलेली, ग्लिबेनक्लामाइड. सकाळची गोळी ती सेहरीला, म्हणजे पहाटेच्या खाण्याला घ्यायची. एकदा असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजानंतर ती जानमाजवरून उठलीच नाही. मी हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलली. कपाळाला हात लावला तर गार घाम, ओढणी भिजलेली. मशीनवर शुगर ५२. मी ग्लासात साखर ढवळत होते आणि ती दात घट्ट मिटून, "मगरिबला किती राहिलं?" म्हणजे रोजा सोडायच्या वेळेला. शेवटी मामूंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते आलिम आहेत, धर्माचे जाणकार. ते एवढंच म्हणाले, "आपा, आत्ता पी. जीव वाचवणं फर्ज आहे, कजा नंतर धर." तेव्हा प्यायली.

"विषय संपला" म्हणून तो संपत नाही, दादा. लोक रोजा धरणारच आहेत असं मानून पुढचं बोलायला हवं.

डॉ_पाणंद
आबोली, तुम्ही शुगर मोजलीत आणि साखर दिलीत, दोन्ही योग्य वेळी.

मी फिजिशियन आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस. रोखठोक यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही, काही रुग्णांना मीही स्पष्ट नकोच म्हणतो. पण नुसतं नको म्हणून काय होतं याचे आकडे आहेत. २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली होती, एपिडायर नावाची. टाइप २ वाल्यांपैकी जवळजवळ ७९ टक्क्यांनी आणि टाइप १ वाल्यांपैकीही (ज्यांना इन्सुलिनशिवाय चालतच नाही) सुमारे ४३ टक्क्यांनी किमान १५ रोजे धरले होते. शुगर एकदम खाली जाऊन दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण टाइप २ मध्ये साडेसात पट वाढलं होतं, टाइप १ मध्ये ४.७ पट. औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलण्याकडे बऱ्याच जणांचं लक्षच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि डार नावाचा डॉक्टरांचा गट यांनी मिळून मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये ती सुधारली. तिच्यात रुग्णाला गुण देतात: मधुमेह किती वर्षांचा, कोणती औषधं, शुगर खाली जाण्याचा इतिहास, किडनी, हृदय, गरोदरपण, कामाचे कष्ट. ३ पर्यंत गुण म्हणजे कमी धोका, साडेतीन ते ६ मध्यम, ६ च्या वर जास्त. जास्त धोक्याच्या माणसाला रोजा नकोच असं सांगायचं, पण तरी त्याने धरला तर त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, हेही त्यात लिहिलं आहे.

गोळ्यांबद्दल ढोबळ सांगतो. *हे वाचून स्वतः बदल करू नका, हे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.*

मेटफॉर्मिनने एकटीने शुगर सहसा फार खाली जात नाही. दोनदा असेल तर सेहरी आणि इफ्तार. तीनदा असेल तर दुपारची आणि रात्रीची मिळून इफ्तारला, सकाळची सेहरीला. सावकाश विरघळणारी एकदाच घ्यायची असेल तर इफ्तारला. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गटात सहसा मात्रा बदलावी लागत नाही.

खरी भीती ग्लिबेनक्लामाइडची. ती अंगात लांब काळ रेंगाळते आणि दुपारनंतर शुगर खाली खेचते, आबोलींच्या अम्मींना झालं तेच. रोजा धरणाऱ्याला ती बदलूनच द्यावी. ग्लिमेपिराइड एकदा असेल तर ती इफ्तारला, शुगर ताब्यात असेल तर मात्रा कमी करून. ग्लिक्लाझाइड दोनदा असेल तर सेहरीची मात्रा कमी.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जातं. त्या इफ्तारला घ्याव्यात, रात्रभर पाणी प्यावं आणि रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नयेत.

रोखठोक
@आबोली, @डॉ_पाणंद, पटलं. मला वाटलं होतं लोकांना सूट माहीत नसते, म्हणून तसं लिहिलं. माहीत असूनही धरतात, तर मग औषधाकडेच बघायला हवं.

खाडीपलीकडे
आमच्या अब्बांना इन्सुलिन आहे, सकाळी ३० युनिट, रात्री २०, मिक्सवालं (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र). ते म्हणतात सुईने रोजा तुटतो, म्हणून बोटातून रक्तही काढू देत नाहीत. काय समजवावं?

किताबखाना
@खाडीपलीकडे, मी मदरशात शिकलोय, मुफ्ती नाही, पण जे शिकवलं ते सांगतो. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शननेही नाही, यावर बहुतेक उलेमांचं एकमत आहे. सलाइनमधून ताकदीचं, पोषणाचं काही दिलं तर गोष्ट वेगळी. २०२१ चा रमजान आठवा, कोविडची लस तेव्हाच चालू होती आणि लसीने रोजा तुटत नाही असं कितीतरी आलिमांनी जाहीर सांगितलं होतं. अब्बांना हे उदाहरण द्या. आणि त्यांना मी किंवा तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्याच मशिदीच्या इमामसाहेबांकडून ऐकू द्या.

एक गोष्ट कोकणातल्यांसाठी. तुमच्याकडे बहुतेक शाफई पंथाचे, घाटावर हनफी पंथाचे, दोघांचे नियम थोडे वेगळे. डोळ्यांत औषध घातलं तर दोन्हींत रोजा तुटत नाही. कानात घातलेल्या औषधाने शाफईंमध्ये तुटतो असं मानतात. म्हणून पुण्याच्या पाहुण्याचं ऐकून दापोलीत ठरवू नका, आपल्या आलिमांना विचारा.

डॉ_पाणंद
@खाडीपलीकडे, मिक्स इन्सुलिनचा नेहमीचा हिशोब असा की सकाळची मात्रा इफ्तारला आणि रात्रीच्या मात्रेची निम्मी सेहरीला. तुमच्या आकड्यांत इफ्तारला ३०, सेहरीला १०. तरी शुगरचे आकडे बघितल्याशिवाय हे करू नका. सेहरीला पूर्वीसारखेच ३० घेतले तर पुढे दिवसभर पोटात काही जाणार नाही, हे अब्बांना समजवा. ते बहुधा तेच करत असतील.

आणि मोजल्याशिवाय इन्सुलिनवर रोजा नाही. सकाळी, दुपारी, इफ्तारच्या आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी, आणि बरं वाटेनासं झालं की लगेच. ७० च्या खाली गेली की रोजा सोडायचा. इफ्तारला पाच मिनिटं उरली असली तरी. ३०० च्या वर गेली तरी सोडायचा.

मेडिकलवाली
डोळ्यांच्या औषधाचं निघालं म्हणून. काचबिंदूचे थेंब रमजानमध्ये बंद करणारे आमच्याकडे बरेच आहेत. कारण एकच, घशाला कडू लागतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, औषध नाकात-घशात उतरत नाही आणि डोळ्यालाही जास्त लागू पडतं. हे मी काउंटरवरच करून दाखवते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे यात महिनाभराची सुट्टी नाहीच.

तांबडफुटी
इनहेलरचं काय? माझा दमा थंडीत वाढतो.

किताबखाना
यावर मतभेद आहेत. १९९७ मध्ये मोरोक्कोत आलिम आणि डॉक्टरांची मोठी बैठक झाली होती. तिथे बहुतेकांनी इनहेलरने रोजा तुटत नाही असं म्हटलं. आपल्याकडचे पुष्कळ हनफी मुफ्ती मात्र तुटतो म्हणतात. पण धाप लागली असेल तर इनहेलर घ्यायचा की नाही, यावर कोणाचाच मतभेद नाही. घ्यायचा. तुटला असं मानलं तर एक कजा धरायचा.

डॉ_पाणंद
याला जोडून. रोजचा, दम्याला आवर घालणारा इनहेलर बहुतेकांना दोनदाच असतो, सेहरी-इफ्तारला तो चांगला बसतो. तो नियमित घेतला तर दिवसा धाप लागून तातडीचा निळा पंप शोधायची वेळच कमी येते. लोक उलटं करतात, रोजचा सोडतात आणि मग दुपारी अडकतात. छातीत दुखत असेल तर जिभेखालची गोळी ठेवा आणि दवाखाना गाठा, तिथे चर्चा नको.

टेम्सकाठची_नर्स
मी लंडनमध्ये नर्स आहे. तुमच्याकडे सध्या रोजा साधारण १३ तासांचा. इथे २०१५-१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला होता, तेव्हा १८ तासांच्या वरचे रोजे होते. इफ्तार आणि सेहरीमध्ये जेमतेम पाच तास. "दोनदा असलेली गोळी सेहरी-इफ्तारला घ्या" हे सूत्र तिथे मोडतं, कारण दोन डोस पाच तासांत पडतात आणि मग एकोणीस तास काहीच नाही. ज्यांना बारा-बारा तासांनी औषध लागतंच, त्यांच्यासाठी आमच्याकडे दिवसातून एकदाच घ्यायचं दुसरं औषध बघायचे.

दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर तो दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद काढून तसाच वापरू नका. वजन बदललेलं असतं, किडनीचे आकडे बदललेले असतात.

तुळस
थोडं विषयांतर. माझ्या सासूबाई चातुर्मासातले सगळे उपास करतात, निर्जळी एकादशीही. त्याही ग्लिमेपिराइड घेतात. धागा वाचताना सारखं त्याच डोळ्यांसमोर येत होत्या. आमच्याकडे तर "उपास आहे" हे डॉक्टरांना सांगायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात येत नाही.

पोह्यांवर_लिंबू
आणि सोडताना साबुदाणा वडे, बटाट्याची भाजी, वरून राजगिऱ्याचा लाडू. शुगर आधी तळाला, मग गच्चीवर.

आबोली
आमच्याकडे इफ्तारला खजूर, शरबत, भजी, समोसे. गच्ची तुमची-आमची एकच. 😊 आता अम्मीला एक खजूर, पाणी, मग नमाज आणि त्यानंतर जेवण. शरबताचा जग तिच्यापासून लांब ठेवतो. भजीवरून मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत.

डॉ_पाणंद
@तुळस, विषयांतर नाही, गोळीला धर्म कळत नाही. निर्जळी एकादशी, पर्युषणातले उपवास, रोजा, रिकाम्या पोटी ती गोळी तेच करणार. सासूबाईंनाही उपासाच्या आधी डॉक्टरांना भेटवा.

पाण्यावरून आठवलं. लघवीची गोळी म्हणजे बीपी किंवा हृदयासाठी दिलेली, ती आपल्या मनाने बंद करू नका आणि सेहरीला घेऊन दिवसभर कोरडेही राहू नका, वेळ आणि मात्रा विचारून घ्या. डोकं किंवा गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी, त्यात पाणी कमी, त्यात किडनी आधीच नाजूक, हे तिन्ही एकत्र आलेले रुग्ण मला रमजानमध्ये दरवर्षी दिसतात. लिथियम (मनाच्या आजारावरची गोळी) घेणाऱ्यांनी तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही रोजा धरू नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम चढतं आणि ते विषारी ठरतं.

माळरान
माझ्या भावाला फिट येतात. गोळी दोनदा, म्हणून आम्हाला वाटलं सेहरी-इफ्तारला बरोब्बर बसेल. गोळी एकदाही चुकली नाही, तरी दुसऱ्या आठवड्यात फिट आली. न्यूरोलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला, "झोपतो किती?" तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) संपवून घरी यायला अकरा, मग गप्पा, चारला सेहरी, आठला कामावर. झोप तुटली की फिट येते, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी रोजे नको सांगितले. भाऊ तीन दिवस कोणाशी बोलला नाही. आता तो मशिदीत इफ्तारची ताटं लावतो, फिद्या देतो. वाईट वाटतंच त्याला अजून.

तांबडफुटी
@माळरान, झोपेचं कोणी बोलतच नाही. बीपी, डोकेदुखी, सगळ्यालाच ते लागू असणार. भावाला सलाम सांगा.

आशा_वर्कर
मी टीबीच्या रुग्णांना गोळ्या पोचवते. वजनाप्रमाणे रोज एकदाच सगळ्या गोळ्या घ्यायच्या असतात, म्हणजे खरं तर रोज्याशी भांडण नाही. सेहरीच्या वेळी उठल्याबरोबर घ्यायच्या आणि मग थोड्या वेळाने खायचं. तरी पहिल्या आठवड्यात हमखास कोणीतरी सोडतं, कारण गोळ्यांनी मळमळतं आणि उलटी झाली तर रोजा जाईल ही भीती. अशांनी गोळ्या बंद करायच्या नाहीत, आम्हाला सांगायचं, आम्ही डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ लावून देतो. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होतो, मग लांबलचक आणि जड उपचार.

किताबखाना
आशाताई, आपोआप झालेल्या उलटीने रोजा जात नाही. मुद्दाम काढली तर जातो. हे तुमच्या रुग्णांना सांगा, निम्मी भीती तिथेच जाईल.

आशा_वर्कर
हे उद्याच सांगते. खूप आभार.

मेडिकलवाली
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न मात्र राहिलाच, विषय काढायचा कोणी? डॉक्टर, तुमच्या हिशोबाने किती आधी यायला हवं?

डॉ_पाणंद
सहा ते आठ आठवडे आधी. म्हणजे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघता येतं, नवीन वेळा आठवडाभर वापरून पाहता येतात. आणि विषय आम्हीच काढायला हवा, ती जबाबदारी आमची. मी आता "यंदा किती रोजे धरणार?" असंच विचारतो. "धरणार का?" विचारलं की पेशंट नाही म्हणतो आणि घरी जाऊन धरतो.

आबोली
हा प्रश्नच बरोबर आहे! अम्मीला असं कोणी विचारलं असतं तर तिने तासभर सांगितलं असतं.

पण सहा आठवडे आधी कोणाला आठवणार? तारखेपेक्षा शब-ए-मेराजला धरा. मेराज म्हणजे २७ रजब, तिथून रमजान महिनाभरावर. मेराज झाली की डॉक्टर. तेही राहिलं तर शब-ए-बरात, तिथून पंधरा दिवस. शब-ए-बरातला तर घराघरात रमजानची तयारी सुरूच होते.

मेडिकलवाली
आबोली, हे फारच कामाचं! आमच्याकडच्या एका चाचांकरवी इमामसाहेबांना विचारलं. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या एका जुम्म्याला मी हे सांगेन म्हणालेत, की औषध चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडे जाऊन या.

मी दुकानात एक छोटी चिठ्ठी छापतेय, पेशंटने डॉक्टरांपुढे ठेवायची: "मी रोजे धरणार आहे. माझी औषधं सोबत आहेत. सेहरीला काय, इफ्तारला काय, रोजा कधी सोडायचा, लिहून द्या." बोलायचा संकोच असेल तर चिठ्ठी बोलेल. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढते. परवा एक खाला म्हणाल्या, "रमजानात सूर्य कशाला काढतेस, दोन चंद्रच काढ." खरंच तसं करणार आहे. सेहरीचा बारीक, इफ्तारचा मोठा.

नव्याने_आलेली
उशिरा आलेय. थायरॉइडची गोळी कधी? सकाळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगितलीय.

डॉ_पाणंद
सेहरीच्या अर्धा तास आधी नुसत्या पाण्याबरोबर. तेवढ्या लवकर उठणं जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तास गेलेले असतील तर. दोन्हींपैकी एक वेळ ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या तिच्याबरोबर नकोत, मध्ये चार तास जाऊ द्या.

खाडीपलीकडे
अब्बा इमामसाहेबांशी बोलले. काल स्वतः बोट पुढे केलं. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. एक शंका: ते ईदनंतर शव्वालचे सहा रोजेही धरतात. तेव्हा काय?

डॉ_पाणंद
छान झालं. ईदच्या सकाळी जुनं वेळापत्रक पुन्हा सुरू करायचं, हे पुष्कळ जण विसरतात. सेहरीची निम्मी मात्रा तशीच चालू राहते, वर शीरखुर्मा, आणि मग आठवडाभरात शुगर ३५० घेऊन येतात. शव्वालच्या ज्या दिवशी रोजा असेल त्या दिवशी रमजानचा कागद, बाकीच्या दिवशी जुना. सहा रोजे सलग धरणार की सुटे, हे सोमवारी तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि दोन्ही कागद एकाच वेळी लिहून घ्या.